वसईचा रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया

प्राचीन तीर्थस्थाने डोळ्यांनी पाहावीत, अशी ओढ भाविकाच्या मनात उपजतच असते. ज्या वेदीपुढे एखाद्या संताने गुडघे टेकले, ज्या विहिरीचे पाणी तो प्याला, ज्या भिंतीच्या सावलीत बसून त्याने धर्मपाठ घोकला, तेथे आपणही घटकाभर उभे राहावे असे कोणास वाटत नाही? परंतु आम्हां पलूसकडील ख्रिस्ती मंडळींच्या मनास या ओढीबरोबर एक रुखरुखही लागलेली असते. आमच्या या कृष्णाकाठच्या मुलखात द्राक्षांच्या बागा आहेत, उसाचे मळे आहेत, १९१० साली उजाड माळावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी आहे. परंतु चारशे वर्षांचे ख्रिस्तमंदिर नाही, कोणा संताची समाधी नाही, की जिच्यापाशी क्षणभर थबकावे अशी एखादी पडकी वेसही नाही. महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मागे वळून पाहू जाता आपला इतिहास फारच तोकडा दिसतो, असे आमच्यातील कित्येकांनी बोलून दाखविले. या रुखरुखीस युक्तिवादाने उत्तर देण्यापेक्षा एका पुण्यपुरुषाच्या चरित्राने द्यावे असे आम्हांस वाटले, आणि म्हणून वसईच्या संत गोन्सालो गार्सियाची जीवनकथा या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहो.

पवित्र भग्नावशेषांची गोष्ट निघाली म्हणजे युरोपखंडातील आयर्लंड बेटाचे स्मरण होते. पाचव्या शतकात संत पॅट्रिकने तेथे शुभवर्तमान नेले, आणि पुढील शतकात त्या बेटावर मठांचे जणू पीकच आले. शॅनन नदीच्या काठी संत किरनने क्लॉनमॅकनॉइसचा मठ वसविला. डोंगरांच्या कुशीत दोन तळ्यांच्या काठी संत केविनने ग्लेंडालॉक येथे आपली झोपडी घातली. आज त्या ठिकाणी बहुतेक मंदिरांवर छप्पर उरलेले नाही. क्लॉनमॅकनॉइस तर १५५२ साली इंग्रजांच्या शिबंदीने पुरते लुटून नेले. तथापि नक्षीदार दगडी क्रूस अजून उभे आहेत, ग्लेंडालॉकचा सुमारे शंभर फुटी गोल मनोरा आकाशात बोट दाखवीत आहे, आणि देशोदेशींचे यात्रेकरू माहितगारांच्या मागोमाग त्या पडक्या भिंतींतून हिंडत आहेत. १९७९ साली संत जॉन पॉल दुसरे हे पोपपदावर असताना क्लॉनमॅकनॉइस येथे जाऊन प्रार्थना करून आले.

परंतु या यात्रेकरूंच्या ध्यानी एक गोष्ट हळूहळू येते. त्या बेटाचे जे संत जगात विशेष गाजले, त्यांतील पुष्कळ जणांच्या अस्थी त्या भिंतींत नाहीतच. संत कोलंबा ५६३ साली घर सोडून आयोना बेटावर गेला व तेथेच देह ठेविता झाला. संत कोलंबानस फ्रान्स, स्वित्झर्लंड असे फिरत फिरत इटलीतील बॉब्बियो येथे पोहोचला आणि ६१५ साली तेथे मरण पावला. ख्रिस्ताप्रीत्यर्थ स्वदेश, स्वकीय व स्वभाषा यांचा कायमचा त्याग करणे हे प्राचीन आयरिश साधू एक प्रकारचे हौतात्म्यच समजत. रक्त सांडून जे घडे ते तांबडे, आणि असा त्याग करून जे घडे ते शुभ्र, अशी त्यांनी नावेही योजिली होती. आमच्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या एका पुरुषास ही दोन्ही हौतात्म्ये लाभली, आणि त्याच्याही गावी आज पडक्या भिंतीच तेवढ्या उभ्या आहेत.

काही वर्षांपूर्वी येथील थोड्या मंडळींसह वसईच्या यात्रेस जाण्याचा योग आम्हांस आला. किर्लोस्करवाडीच्या स्थानकावरून गाडीत बसून पुण्यामार्गे आम्ही मुंबईकडे उतरलो व वसईस पोहोचलो. किल्ल्याच्या आत एक माहितगार गृहस्थ आमच्यापुढे चालत होते. नारळी व ताडांच्या सावलीतून त्यांनी आम्हांस एकामागून एक ठिकाणे दाखविली. संत जोसेफाचे ख्रिस्तमंदिर व त्याचा अद्याप ताठ उभा असलेला मनोरा. फ्रान्सिस्कन बंधूंचे मंदिर, ज्याच्या जमिनीत कोरीव लेखांच्या थडग्यांच्या शिळा ओळीने बसविलेल्या आहेत. डोमिनिकन संघाचे मंदिर. आणि येशूसंघीय धर्मगुरूंचे येशूच्या पवित्र नामाचे मंदिर, ज्यास हल्ली संत गोन्सालोच्या नावाने ओळखतात. कोठे वडाच्या मुळांनी कमान कवळून धरली होती, कोठे खिडकीतून नुसते आभाळ दिसत होते. सर्व पाहून झाल्यावर आमच्यातील एका वृद्ध मातेने विचारले की, संताचे घर कोणते? माहितगार गृहस्थ प्रामाणिक होते. ते घर कोणासच दाखविता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. त्या माउलीचा हिरमोड झाला. आम्हांसही प्रथम वाईट वाटले. परंतु परतीच्या वाटेवर त्या संताचे चरित्र मनात घोळवीत असता उमगले की, तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या चरित्रातच आहे.

गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने १५३४ साली तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, आणि थोड्याच वर्षांत तेथे तटबंदीचे शहर उठले. त्या शहरात १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालोचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज शिपाई, माता याच भूमीची कन्या. अशा मुलाच्या कानी जन्मापासून दोन भाषा पडत, आणि दोन समाजांच्या उंबरठ्यावर तो वाढे. त्याचा मान असा की दोहोंतही त्यास जाता यावे, आणि त्याचे दुःख असे की दोहोंनीही त्यास पुरते आपले म्हणू नये. वसईत येशूसंघाचे धर्मगुरू १५४८ पासून स्थिर झाले होते. त्यांच्या शाळेत गोन्सालो शिकला. फादर सेबास्त्यांव गोन्साल्विस या धर्मगुरूंचा त्याच्यावर विशेष लोभ होता. मुलाची प्रकृती सौम्य, बुद्धी चलाख, आणि देवकार्याची आवड उघड दिसणारी. तेव्हा हे धर्मगुरू जपानच्या कामगिरीवर निघाले त्या वेळी त्यांनी पंधरा वर्षांच्या गोन्सालोस बरोबर घेतले. हे साल सुमारे १५७२. दर्या दरवाजातून बाहेर पडलेला तो मुलगा वसईतील आपल्या घराच्या उंबऱ्यापासून कायमचा दुरावला. आयरिश साधू ज्यास शुभ्र हौतात्म्य म्हणत त्याचा आरंभ येथे झाला.

जपानात ख्रिस्ती धर्माचे बी त्यापूर्वी तेवीस वर्षे, म्हणजे १५४९ साली, संत फ्रान्सिस झेवियरने पेरले होते. हाच महापुरुष त्याआधी वसईसही येऊन गेलेला होता. गोन्सालोने जपानी भाषा थोड्याच काळात इतकी आत्मसात केली की, तो धर्मशिक्षक म्हणून धर्मगुरूंचा उजवा हात बनला. मुलांस प्रार्थना शिकविणे, प्रौढांस स्नानसंस्कारासाठी तयार करणे, आजाऱ्यांच्या उशाशी बसणे, परक्या धर्मगुरूंचे बोल घरच्या भाषेत लोकांपर्यंत पोहोचविणे, हे काम त्याने सुमारे आठ वर्षे केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची एकच इच्छा होती. त्याने पुनःपुन्हा विनंती केली. ती मान्य झाली नाही. त्या काळी हिंदी रक्ताच्या तरुणास संघात घेण्यास वरिष्ठ फार नाखूष असत. ज्या संघाच्या सेवेत त्याने आपले तारुण्य घातले, त्या संघाच्या दाराशी तो याचकासारखा उभा राहिला आणि दार उघडले नाही.

प्रिय वाचकहो, या ठिकाणी आम्ही थोडे थांबतो, कारण गोन्सालोच्या चरित्रातील खरी कसोटी आमच्या मते ही आहे. नागासाकीचा क्रूस एका दिवसाचा होता. हा नकार त्यास वर्षानुवर्षे वाहावा लागला. ख्रिस्तसभेतील माणसांकडून दुखावला गेल्यामुळे ख्रिस्ताकडेच पाठ फिरविणारे लोक आपण पाहतो, आणि त्यांच्या दुःखास आम्ही हलके लेखीत नाही. गोन्सालोही दुखावला. तो निघून गेला, व्यापारात पडला, आणि त्यात त्यास यशही चांगले आले. भाषा येत होती, माणसे जोडण्याची हातोटी होती, सचोटी होती. व्यवहार वाढत गेला. जगाच्या दृष्टीने त्याची गाडी रुळावर आली होती. परंतु ज्या हाकेसाठी त्याने वसई सोडली ती हाक पैशाच्या आवाजात बुडून गेली नाही. दार न उघडणाऱ्यांवर त्याने राग धरला नाही, आणि देवाने दुसरे दार ठेवले असेल ही आशाही सोडली नाही.

ते दुसरे दार फिलिपिन्स बेटांतील मनिला येथे निघाले. तेथे फ्रान्सिस्कन संघाचे बंधू राहात होते. त्यांचे दारिद्र्य, त्यांची रोग्यांची सेवा व त्यांचा आनंदी स्वभाव पाहून गोन्सालोचे मन तेथे जडले. आपला व्यापार आवरून त्याने संघाचा जाडाभरडा झगा अंगावर घातला व कमरेस दोरी बांधली. धर्मगुरू होण्याची दीक्षा त्याने घेतली नाही. तो साधा बंधूच राहिला. वेदीवर मिस्साबलिदान अर्पण करण्याचा किंवा पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार त्यास कधीच नव्हता. भारतभूमीत जन्मलेला पहिला संत हा बिशप नव्हता, धर्मपंडित नव्हता, धर्मगुरूही नव्हता. तो एक सेवक व दुभाषी होता.

इकडे जपानात दिवस पालटले होते. सर्वसत्ताधीश बनलेल्या हिदेयोशीने १५८७ साली परदेशी धर्मगुरूंनी देश सोडून जावे असा हुकूम काढला होता. तो कडक रीतीने अमलात आला नाही, तरी तलवार टांगती राहिली. फिलिपिन्स बेटांनी आपले मांडलिकत्व पत्करावे असेही हिदेयोशीचे म्हणणे होते. तेव्हा मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने फादर पेद्रो बाउतिस्ता यांना वकील म्हणून १५९३ साली जपानास धाडले, आणि त्यांच्या बरोबर दुभाषी म्हणून बंधू गोन्सालोस नेमले. वसईतील शिपायाचा मुलगा आता जपानच्या महाप्रतापी सत्ताधीशापुढे फाटक्या झग्यात उभा राहिला आणि दोन राज्यांमधील बोलणे एका जिभेवरून दुसऱ्या जिभेवर नेऊ लागला. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर माणसांचे प्राण जाते. दुभाष्याचे काम असे विलक्षण असते: तो स्वतःचे काहीच बोलत नाही, आणि तरीही सारे त्याच्याच प्रामाणिकपणावर अवलंबून असते.

हिदेयोशीने बंधूंस राजधानीत राहण्याची मोकळीक दिली. तेव्हा मियाको म्हणत त्या क्योतो शहरात त्यांनी १५९४ साली देवदूतांच्या राणीच्या नावे मंदिर उघडले, आणि शेजारी महारोग्यांसाठी दवाखाने घातले. ज्यांस घरच्यांनी बाहेर काढले होते अशांच्या जखमा हे बंधू धूत. या सर्व कामात भाषा गोन्सालोची होती. रोग्याचे गाऱ्हाणे तोच ऐके, शेजाऱ्यांची समजूत तोच घाली, नव्यांस प्रार्थना तोच सांगे. पूर्वी धर्मशिक्षक म्हणून जे काम तो करी तेच आता अधिक गरिबांमध्ये करू लागला.

१५९६ च्या ऑक्टोबर महिन्यात सान फेलिपे नावाचे मालाने भरलेले स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या किनाऱ्यास लागले. त्यावरील माल जप्त झाला. गलबतावरील एका अधिकाऱ्याने स्पेनच्या राज्यविस्ताराची बढाई मारली, आणि धर्मगुरू पुढे व सैन्य मागे अशी ही रीत असल्याचा संशय हिदेयोशीच्या मनात बळावला, असे इतिहासकार सांगतात. राजकारणाच्या या ठिणगीने महारोग्यांची सेवा करणाऱ्या बंधूंचे घर पेटले. डिसेंबरात त्यांच्या घराभोवती पहारा बसला. मृत्युदंड ठरलेल्यांची संख्या चोवीस झाली. १५९७ च्या जानेवारीच्या आरंभी क्योतो येथे प्रत्येकाच्या डाव्या कानाचा लचका कापण्यात आला आणि गाड्यांत घालून त्यांची रस्त्यांतून धिंड काढण्यात आली. नंतर भर हिवाळ्यात त्यांस नागासाकीपर्यंत शेकडो मैल नेले. ही वाट सुमारे महिनाभराची होती. वाटेत त्यांची शुश्रूषा करण्यास जे दोघे ख्रिस्ती बरोबर चालत होते त्यांसही पहारेकऱ्यांनी कैद्यांत ओढले, आणि चोवीसांचे सव्वीस झाले.

हे सव्वीस कोण होते ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सहा फ्रान्सिस्कन: त्यांत चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा फेलिपे, आणि एक वसईचा गोन्सालो. तीन जपानी येशूसंघीय, ज्यांत पौल मिकी प्रमुख. उरलेले सतरा जपानी प्रापंचिक: धर्मशिक्षक, कारागीर, रोग्यांचे सेवक, आणि त्यांत बारा, तेरा व चौदा वर्षांची तीन मुलेही होती. ज्या संघाने गोन्सालोस घेतले नव्हते त्या संघाचे सभासद व तो आता एकाच दोरखंडाने बांधलेले एकाच वाटेने चालत होते. माणसांनी मांडलेले भेद त्या वाटेवर गळून पडले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस ओळीने तयार होते. हात, पाय व मान लोखंडी कड्यांनी जखडून क्रूस उभे करण्यात आले. पौल मिकीने क्रूसावरूनच लोकांस उपदेश केला व मारणाऱ्यांस क्षमा केली. काही जण स्तोत्रे गात होते. मग भालेकऱ्यांनी दोन्ही बाजूंनी भाले खुपसले. गोन्सालोचे वय त्या वेळी चाळिशीच्या घरात होते. शुभ्र हौतात्म्याची पंचवीस वर्षे भरली होती. त्या सकाळी त्यावर तांबडे हौतात्म्य चढले.

पोप उर्बन आठवे यांनी १६२७ साली या रक्तसाक्षींस धन्य म्हणून घोषित केले, आणि पोप पायस नववे यांनी ८ जून १८६२ रोजी त्यांस संतपद दिले. गोन्सालोनंतर भारतात जन्मलेल्या दुसऱ्या व्यक्तीस, म्हणजे केरळच्या संत अल्फोन्सास, संतपद मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले; मध्ये १४६ वर्षे गेली. आता हा संत जेथे जन्मला ती वसई आणि जेथे मेला ते नागासाकी, या दोन गावांचे पुढे काय झाले ते पाहू. कारण आमच्या रुखरुखीचे उत्तर या दोहोंच्या तुलनेत आहे.

वसईत संताच्या मृत्यूनंतरही जवळजवळ दीड शतक वैभव नांदले. मंदिरे वाढली, घंटा ओतल्या गेल्या, घराणी गबर झाली. मग १७३९ च्या मे महिन्यात, दीर्घ व फार रक्तपाताच्या वेढ्यानंतर, चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी किल्ला सर केला. त्या मातीवर उभे राहताना मराठी ख्रिस्ती माणसाचे मन दुभंगते, हे आम्ही लपवीत नाही. परसत्तेचा जुलूम मोडणाऱ्या शौर्याचा त्यास अभिमान वाटतो, आणि ओस पडलेल्या वेदीपुढे त्याचा गळाही दाटतो. या दोन्ही भावना खऱ्या आहेत, आणि एकीसाठी दुसरी दडपण्याचे कारण नाही. चिमाजी अप्पांनी शरण आलेल्यांस मानाने जाऊ दिले, हेही सत्य आहे. पोर्तुगीज गेले, येथल्या मातीचे ख्रिस्ती येथेच राहिले. किल्ल्यातील छपरे पडली, परंतु बाहेरच्या गावांतून नारळी-केळीच्या वाड्यांत धर्म जिवंत राहिला. १९९८ साली वसईस स्वतंत्र धर्मप्रांताचा मान मिळाला तो त्या गावकऱ्यांच्या जोरावर, तटाच्या दगडांच्या जोरावर नाही.

त्या पाडावाची एक खूण आपल्या बाजूसही आहे, आणि ती पुष्कळांस ठाऊक नाही. साताऱ्याकडील वाईजवळ मेणवली गावी, नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर, एका लहानशा देवळीत भली थोरली घंटा टांगलेली आहे. ती वसईच्या मोहिमेतून आली असे सांगतात. तिच्यावर १७०७ हे साल असून कुमारी मरिया व बाळ येशू यांची आकृती आहे. गोन्सालोच्या कानी ही घंटा कधी पडली नाही. ती ओतली गेली तेव्हा त्यास क्रूसावर जाऊन एकशे दहा वर्षे झाली होती. घाटावर येणारे लोक तिला आदराने हात जोडतात. तिच्या पायथ्याशी वाहणारे पाणीच पुढे भिलवडी, औदुंबर करीत आपल्या पलूसच्या शिवाराशी येते. आपल्यापाशी काहीच प्राचीन नाही असे ज्यांस वाटते त्यांनी एकदा मेणवलीस जाऊन यावे, आणि त्या घंटेखाली उभे राहून वसई व पलूस या दोहोंसाठी एक प्रार्थना म्हणावी.

आता नागासाकी. तेथे १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर सर्वस्वी बंदी आली. मंदिरे पाडली, त्यांचे अवशेषही पाहण्यास राहू दिले नाहीत. १६४४ साली अखेरचा धर्मगुरू मारला गेला. त्यानंतर सव्वादोनशे वर्षे त्या देशात मिस्साबलिदान नाही, वेदी नाही, घंटा नाही, ग्रंथ नाहीत. मग परदेशीयांस पुन्हा प्रवेश मिळून नागासाकीस ओउरा येथे याच सव्वीस रक्तसाक्षींच्या नावे एक मंदिर बांधले गेले. १७ मार्च १८६५ रोजी काही गरीब शेतकरी स्त्री-पुरुष त्या मंदिरात आले, आणि आपलीही श्रद्धा तीच आहे असे त्यांनी फादर पेतिजाँ यांच्या कानाशी सांगून पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे ते विचारले. पिढ्यान्‌पिढ्या आईने मुलास, मुलाने नातवास प्रार्थना शिकवून त्यांनी धर्म राखला होता. स्नानसंस्कार ते स्वतःच देत आणि सणांची पंचांगे तोंडपाठ ठेवीत. गोन्सालोसारख्या धर्मशिक्षकांनी जे पेरले होते ते दगडांत नव्हते, म्हणून ते कोणास पाडता आले नाही. १९६२ साली, संतपदाच्या शताब्दीस, निशिझाका टेकडीवर त्या सव्विसांचे स्मारक उभारण्यात आले. वसईचा आमचा बंधू आपल्या सोबत्यांच्या ओळीत तेथेही उभा आहे.

असो. त्या वृद्ध मातेने विचारले होते की, संताचे घर कोणते? आज आम्ही तिला असे सांगू की, माउली, तो ज्या घरातून निघाला ते काळाने पुसले. परंतु जेथे कोणी बाई चुलीपाशी बसून लेकराच्या कपाळावर क्रूसाची खूण करते आणि त्याच्याच बोलीत त्यास प्रभूची प्रार्थना शिकविते, ते त्याचे घर. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात मराठी वाणीस शुभवर्तमानाचे वाहन केले. गोन्सालोने जपानी वाणीस केले. आणि आमच्या या खेड्यापाड्यांत ज्या धर्मशिक्षकांनी सायकलवर व पायी हिंडून, दिव्याच्या उजेडात लोकांस धर्मपाठ दिला, त्यांनी तेच काम केले. त्यांची नावे कोणत्याही शिळेवर कोरलेली नाहीत. परंतु या महोत्सवात आपण ज्या दिवसांचा हिशेब मांडीत आहो ते दिवस त्यांचे आहेत.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, वसईस अवश्य जावे, जमल्यास मुलाबाळांसह जावे. माहितगाराचे बोलणे लक्षपूर्वक ऐकावे, भिंतींवर नावे खरडू नयेत, थडग्यांच्या शिळांवर बसून फराळ करू नये. ज्यास दैव अनुकूल असेल त्याने आयर्लंडचे मठ किंवा नागासाकीची टेकडीही पाहावी. परंतु पाहून झाल्यावर दर्या दरवाजाशी क्षणभर उभे राहावे. पंधरा वर्षांचा एक मुलगा येथून गेला आणि परत आला नाही, याचा विचार करावा. ज्यास एका दाराने नाकारले तो दुसऱ्या दाराने देवाच्या घरी कसा पोहोचला, तेही आठवावे. आपल्या धर्मग्रामातील एखादा दुखावलेला बंधू किंवा भगिनी दाराबाहेर उभी असेल, तर परत येताच ते दार आपल्या हातांनी उघडावे. यात्रेचे फळ ते हेच.

आपल्या या लहान मंदिराच्या भिंती अजून नव्या आहेत. त्याही कधी काळी जुन्या होतील, कदाचित पडतीलही. त्यांत म्हटलेली प्रार्थना मात्र लेकरांच्या मुखी राहो, आणि संत गोन्सालोच्या मध्यस्थीने पलूसच्या या ख्रिस्तकुटुंबास प्रभू आपल्या कृपेत अखंड राखो, हीच आमची मागणी.